ज्ञाती आणि मताधिकार : शंभर वर्षांचा मागोवा



यंदाच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा दरवर्षीप्रमाणे श्रीनामदेव महाराजांच्या चरित्रातील एखादा प्रसंग घ्यावा, किंवा कराडच्या जुन्या पेठेतील शिंपीकामाच्या दुकानांच्या आठवणी लिहाव्यात, असे आमच्या मनात होते. परंतु २०२४ सालच्या विधानसभा निवडणुकीपूर्वी आपल्या मंडळाची जी सभा भरली, तीत झालेला वाद अद्याप आमच्या मनातून जात नाही. मंडळाने आपल्या नावाने पत्रक काढून सर्व ज्ञातिबांधवांना एकाच उमेदवारास मते देण्याचा आदेश द्यावा, असा ठराव काही तरुणांनी मांडला होता. त्यांचे म्हणणे असे की, "मोठे समाज गठ्ठ्याने मते देतात म्हणून त्यांना सभागृहे मिळतात, वसतिगृहे मिळतात. आपण विखुरलेले, म्हणून आपल्याला कोणी विचारीत नाही." काही ज्येष्ठांनी विरोध केला, आवाज चढले, आणि शेवटी ठराव पुढे ढकलण्यात आला. त्या वेळी दोन्ही बाजूंची मंडळी आमच्याकडे पाहत होती. आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणे बरोबर नव्हते. त्याचे कारण आम्ही लेखाच्या उत्तरार्धात सांगणार आहोत. ठराव पुन्हा येणारच आहे, म्हणून त्या दिवशीचे राहिलेले उत्तर आज कागदावर उतरवीत आहोत.

आम्ही वकील नव्हे. जुन्या अकरावीचे मॅट्रिक आणि पेशाने शिक्षक. मुलांना इतिहास व नागरिकशास्त्र शिकवीत आयुष्य गेले, आणि प्रत्येक निवडणुकीत सरकारने आम्हांस मतदानकेंद्रावर बसवून मतदारांच्या तर्जनीला शाई लावायला लावली. या दोन गोष्टींतून जे कळले तेवढेच येथे मांडतो. लेखाचे सार आधीच सांगून टाकणे ही शिक्षकाची खोड आहे. ते सार असे : आपल्या देशाच्या कायद्याने जागा राखीव ठेवल्या, मत मात्र कोणाचेही राखीव ठेवले नाही. हा भेद उगाच झालेला नाही. त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

तो इतिहास १९०९ सालापासून पाहू. त्या वर्षीच्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमान मतदारांची यादीच निराळी केली. त्या यादीतील मतदारांनी त्याच समाजाचा प्रतिनिधी निवडायचा, इतरांनी त्यात मत द्यायचे नाही, अशी ही योजना होती. यास विभक्त मतदारसंघ म्हणतात. येथे जागा तर राखीव होतीच, पण मतही राखीव झाले. पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांची वेळ आली, तेव्हा मत कोणास द्यावे याचा विचार करण्यासाठी लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्यापुढे २७ जानेवारी १९१९ रोजी सिडनहॅम कॉलेजातील एका तरुण प्राध्यापकाने साक्ष दिली. ते प्राध्यापक म्हणजे भीमराव आंबेडकर. नुसत्या मतांना प्रतिनिधित्व मिळून भागत नाही, ज्यांना आजवर कोणी माणसांत धरले नाही त्या माणसांनाही सभागृहात बसायला मिळाले पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

मराठा समाजासही आपले प्रतिनिधित्व हवे होते, आणि कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्या मागणीच्या पाठीशी होते. पण त्याच समाजात जन्मलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांना जातवार मतदारसंघ मान्य नव्हता. जातीच्या कुंपणात मत कोंडले तर राष्ट्र उभे राहणार नाही, असे त्यांचे मत होते. हा वाद वैराचा नव्हता. दोन्ही बाजूंस बहुजनांचे हित साधावयाचे होते, मार्गाविषयी मात्र मतभेद होता. आपल्या सभेतील वादही याच जातीचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

१९१९ सालच्या कायद्याने यातून मधला मार्ग काढला. मुंबई कायदे कौन्सिलात 'मराठे व तत्सम जाती' यांच्यासाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या, परंतु मतदारांची यादी निराळी केली नाही. एका मतदारसंघातून एकाहून अधिक प्रतिनिधी निवडायचे, मते सर्वांनी द्यायची, आणि मराठा उमेदवारांत ज्यास सर्वांत अधिक मते पडतील त्याला ती राखीव जागा द्यायची, अशी ही रीत. म्हणजे जागा राखीव, पण मत मोकळे. मद्रास इलाख्यात याच रीतीने ब्राह्मणेतरांसाठी २८ जागा राखल्या होत्या. १९२० च्या निवडणुकीत तेथे ब्राह्मणेतर त्याहून पुष्कळ अधिक संख्येने निवडून आले. ज्या समाजाची संख्या मोठी असते त्याला राखीव जागेची काठी फार काळ लागत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. महर्षी शिंदे १९२० साली बहुजन पक्षाचा जाहीरनामा घेऊन पुण्यातून उभे राहिले. राखीव जागा उपलब्ध असूनही ते सर्वसाधारण जागेसाठी लढले आणि पराभूत झाले. त्यांच्या जाहीरनाम्यात शेतकऱ्यांबरोबर कारागीर, मजूर आणि स्त्रिया यांचीही गणना होती. आपल्यासारख्या सुईदोऱ्यावर पोट भरणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

आता आपल्या ज्ञातीचे त्या वेळी काय स्थान होते? 'तत्सम' या शब्दाचा अर्थ सरकारने कसाही लावला असो, मत देण्यास जी पात्रता लागत असे ती पाहिली म्हणजे उत्तर मिळते. खेड्यात सर्वसाधारणपणे ३२ रुपये शेतसारा भरणाऱ्यासच मत असे. आमचे आजोबा कराडजवळच्या एका खेड्यात शिंपीकाम करीत. गावात आपल्या ज्ञातीची दोन घरे. सुगीत धान्याच्या मोबदल्यात बंड्या, चोळ्या, टोप्या शिवून द्यायच्या, आणि एरवी बाजाराच्या दिवशी कराडला येऊन बसायचे. शेत नाही म्हणून सारा नाही, आणि सारा नाही म्हणून मत नाही. गावच्या पाटलांचा मतदानाला जाताना घालायचा कोट आजोबांनी शिवला होता, असे ते हसत हसत सांगत. मुंबई कौन्सिलाने १९२१ साली स्त्रियांना मताधिकार दिला ही अभिमानाची गोष्ट होती खरी, पण तो मालमत्तेच्या त्याच अटींवर होता. आमच्या आजीला त्याचा काय उपयोग?

जातीने दिलेल्या जागेतही मत मात्र जमिनीचे होते. ही गोष्ट आपल्यासारख्या छोट्या, बिनजमिनीच्या ज्ञातीने नीट ओळखली पाहिजे. मोठ्या समाजांच्या वाटाघाटीत आपल्या वाट्याला एखादा शब्द येतो, पान येत नाही.

यानंतर १९३२ साल उजाडले. १९३० सालापासून लंडनला गोलमेज परिषदा भरत होत्या. पहिल्या परिषदेस डॉ. आंबेडकर गेले होते, तसेच आपल्या भागातील ब्राह्मणेतर पुढारी भास्करराव जाधवही गेले होते. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य समाजास विभक्त मतदारसंघ देण्यात आला होता, आणि सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांचे मत कायम होते. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी २० सप्टेंबरपासून येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघ गेला. त्याच्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखीव मिळाल्या, आणि त्यांपैकी सिंधसह मुंबई इलाख्याच्या वाट्यास १५ आल्या. मात्र निवड दोन पायऱ्यांनी व्हायची होती. आधी अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चारांतून सर्व जातींच्या मतदारांनी एक निवडायचा.

येथेही जागा राखीव आणि मत मोकळे हेच तत्त्व राहिले. परंतु या तत्त्वाला एक दुखरी बाजू आहे, आणि ती लपविणे इतिहास शिकविणाऱ्यास शोभणार नाही. मत मोकळे असले म्हणजे ज्यांची संख्या मोठी त्यांच्या मताने राखीव जागेवरील माणूस ठरतो. तो माणूस त्या समाजाचा असतो, पण त्या समाजाने निवडलेला असेलच असे नाही. डॉ. आंबेडकरांची तक्रार नेमकी हीच होती.

१९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ अस्पृश्यांसाठी व ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या. मताची अट सैल होऊन शेतसाऱ्याची मर्यादा ८ रुपयांवर आली. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्यासही मत मिळाले. आम्ही मॅट्रिकचे प्रमाणपत्र घरी आणले तेव्हा आजोबा म्हणाले होते, "एवढा कागद माझ्याजवळ असता तर तेव्हाच मत मिळालं असतं!" मुंबई इलाख्यात त्या वेळी मते एकवटून देण्याची मुभा होती. मतदारसंघात दोन जागा असतील तर मतदाराला दोन मते असत, आणि ती दोन्ही तो एकाच उमेदवारास देऊ शकत असे. थोड्या संख्येचा समाज आपली सर्व मते एका माणसामागे उभी करून त्याला तारू शके. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने बहुसंख्य राखीव जागा याच निवडणुकीत जिंकल्या. म्हणजे मत मोजण्याची रीत बदलली की दुबळ्याच्या मताचे वजन बदलते. पुढे १९४६ च्या निवडणुकीत मात्र त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही.

याच १९३७ सालची आपल्या सातारा जिल्ह्यातील एक गोष्ट यशवंतराव चव्हाणांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्या वेळी यशवंतराव जेमतेम तेवीस वर्षांचे, कराडचे तरुण कार्यकर्ते होते. काँग्रेसचा उमेदवार खेड्यातला, शेतकऱ्यांच्या घरातला असावा, असा आग्रह त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी धरला आणि बोरगावच्या आत्माराम पाटलांना उमेदवारी मिळवून दिली. आत्माराम पाटील निवडून आले. या हकिकतीत एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. मतदानाच्या दिवशी मतदार जे ठरवितो त्याच्याआधी पक्षाच्या बैठकीत पुष्कळ काही ठरून गेलेले असते. ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे यांच्यासारखी मंडळी काँग्रेसमध्ये आली ती हे ओळखूनच. पुढे जेध्यांनी काँग्रेस सोडून शंकरराव मोरे यांच्याबरोबर शेतकरी कामगार पक्ष उभा केला, आणि कालांतराने ते पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. पक्ष बदलतात, पुढारी बदलतात, एका समाजाचे सर्व लोक कधीच एका पक्षात राहत नाहीत. कराडनेच पहावे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत खुद्द यशवंतराव येथून अगदी थोड्या मतांनी निवडून आले. तीनच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. ज्या मतदारांनी १९५७ मध्ये त्यांना मत दिले नव्हते, ते काय त्यांच्या जातीचे नव्हते? पुष्कळ होते. पण त्यांनी त्या वेळी जात न पाहता प्रश्न पाहिला.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि शेतसारा, भाडे, परीक्षा या सर्व अटी एका झटक्यात गेल्या. कलम ३२५ म्हणते की, प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच राहील, आणि धर्म, वंश, जात वा लिंग एवढ्यावरून कोणास त्या यादीतून वगळता येणार नाही, अथवा निराळ्या यादीत जाण्याचा हक्कही सांगता येणार नाही. पुढचे कलम ३२६ प्रौढ मताधिकाराचे. वयाची मर्यादा तेव्हा २१ वर्षांची होती, ती १९८९ पासून १८ झाली. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरांपैकी सुमारे १८ माणसे साक्षर होती. तरीही अक्षर येते की नाही हे न विचारता सुमारे १७ कोटी ३० लक्ष स्त्री-पुरुषांची नावे पहिल्या याद्यांत आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर चिन्ह चिकटविलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, फेडरेशनचा हत्ती. आजोबा-आजींनी आयुष्यातले पहिले मत दिले ते या पेट्यांत. उत्तरेकडील प्रांतांत मात्र असंख्य स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले, आणि अशी सुमारे २८ लक्ष नावे याद्यांतून वगळावी लागली. आमच्या आजीने नाव विचारायला आलेल्या कारकुनास आपले नाव स्वच्छ सांगितले. अडली ती नवऱ्याचे नाव घ्यायच्या वेळी, आणि ते शेजारणीने सांगितले. घरात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाई.

राखीव जागांसाठी त्या वेळी दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ होते. त्यांत एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव असे. पण १९५१ च्या कायद्याने एका उमेदवारास दोन मते देण्यास बंदी केली. १९३७ ची मुभा गेली. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात राखीव जागेवर नारायण काजरोळकर निवडून आले आणि घटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर पराभूत झाले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही तेच झाले. या पद्धतीचे उलटे टोकही लवकरच दिसले. १९५७ साली पार्वतीपुरम् मतदारसंघात दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनीच मिळविल्या. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. राखीव वर्गातील माणसाला सर्वसाधारण जागाही जिंकता येते, असे न्यायालयाने मानले. अखेर १९६१ साली दोन प्रतिनिधींचे मतदारसंघ कायद्याने रद्द झाले. तेव्हापासून लोकसभा-विधानसभेस एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी, एक मत अशी रीत चालू आहे.

आता आपल्या घराजवळचा विषय. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनंतर ग्रामपंचायती व नगरपालिका यांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. १९९४ पासून आपल्या राज्यात इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के जागा ठेवण्यात आल्या. आपली ज्ञाती या वर्गात येते. ज्या घरांतील माणूस पूर्वी नगरपालिकेच्या पायरीवर अर्ज घेऊन उभा राही, त्या घरांतील सुना-लेकींना सभागृहात खुर्ची मिळू शकेल असा मार्ग या सोयीने मोकळा झाला. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची पाहणी करावी, प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवावे, आणि एकूण राखीव जागा निम्म्याहून अधिक होऊ नयेत. या तीन कसोट्या पार पडेपर्यंत या जागा टांगणीला लागल्या. बांठिया आयोग झाला, त्याचा अहवाल २०२२ मध्ये आला, आणि या व इतर वादांत कित्येक संस्थांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडे राहिला. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने, या अहवालापूर्वी जसे आरक्षण होते त्याप्रमाणे निवडणुका घ्याव्यात, असा आदेश दिला. जी सोय कायद्याने मिळते ती टिकविण्यासाठी कागदपत्रे, आकडे आणि जागरूकता लागते, हे आपण यातून शिकावे. ज्ञातीच्या मंडळाचे खरे काम येथे आहे.

मग पत्रक काढण्यास आमचा विरोध का? प्रथम कायदा पहा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा निवडणुकीतील भ्रष्टाचार आहे. उमेदवाराने वा त्याच्या प्रतिनिधीने ते केले, अथवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी केले, तर निवडणूक रद्द होऊ शकते. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंग खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निर्णय दिला. नुसती उमेदवाराची जात पुढे करणेच नव्हे, मतदाराची जात पुढे करून मत मागणेही त्यात येते, असे बहुमताने ठरले. उरलेल्या तिघांचे म्हणणे असे होते की, जातीमुळे ज्यांनी अन्याय सोसला त्यांना त्या अन्यायाविषयी बोलता आले पाहिजे. तेही विचारात घेण्याजोगे आहे. पण अन्यायाविषयी बोलणे निराळे, आणि अमक्या जातीचे म्हणून अमक्याला मत द्या असा आदेश काढणे निराळे.

कोणी म्हणेल, आपले मंडळ म्हणजे खाजगी संस्था, तिला हा नियम कसा? अमेरिकेतील एक उदाहरण देतो. तेथे १८७० सालीच घटनादुरुस्तीने वंशावरून मत नाकारण्यास बंदी झाली होती. तरी दक्षिणेकडील राज्यांत वाचनलेखनाची परीक्षा आणि मतदानाचा कर या युक्त्यांनी काळ्या लोकांना दूर ठेवण्यात येई. टेक्सास राज्यात तर निराळीच शक्कल होती. तेथे डेमॉक्रॅटिक पक्षाचा उमेदवार हमखास निवडून येई, म्हणून खरी निवड पक्षांतर्गत निवडणुकीतच होई. आणि "आमचा पक्ष ही खाजगी संस्था आहे," असे सांगून तेथे फक्त गोऱ्यांना मत देऊ देत. ह्यूस्टन शहरातील एका काळ्या दंतवैद्याने दाद मागितली, आणि १९४४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. परीक्षा वगैरेंचा बंदोबस्त व्हायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. मत घराबाहेरच ठरवून टाकायचे आणि मतपेटी नुसती शोभेला ठेवायची, ही युक्ती खाजगी संस्थेच्या नावाने झाली तरी ती मताची चोरीच होय. आमच्या आजीला निरक्षर असून १९५२ साली जे सुखाने मिळाले, त्यासाठी तेथील लोकांना आणखी तेरा वर्षे झगडावे लागले.

आता आम्ही सभेत गप्प का बसलो, ते सांगतो. तीसएक वर्षांपूर्वी असेच एक पत्रक आम्ही स्वतः लिहिले होते. अक्षर बरे आणि भाषा ठाकठीक, म्हणून काम आमच्याकडे आले. एका उमेदवाराने सभागृहासाठी जागा देण्याचे कबूल केले होते. 'समस्त शिंपी समाज' अमक्याच्या पाठीशी आहे, असे आम्ही लिहिले आणि ते छापून गावोगाव गेले. जागा मिळाली नाही, ते जाऊ द्या. पण दोन गोष्टी झाल्या. घरी मातोश्रींनी पत्रक वाचून घेतले आणि म्हणाल्या, "बाबा, माझं मत तू कधी विचारलंस रे माझ्याकडं?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. दुसरी गोष्ट याहून वाईट. एका खेड्यातील आपले ज्ञातिबांधव महिन्याभराने कराडला आमच्याकडे आले. त्यांच्या गावात आपली दोनच घरे, आणि सारे गाव दुसऱ्या उमेदवाराच्या बाजूचे. पत्रक गावात पोहोचले आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडे शिवायला कपडा येईनासा झाला. लग्नसराईचे दिवस होते. ते म्हणाले, "गुरुजी, मी मत कुणाला दिलं ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र साऱ्या गावाला सांगून मोकळे झालात." त्यांनी पुढे मशीन उचलून शहर गाठले. तो अपराध आमचा होता. सभेत ठराव वाचला जात असता ते गृहस्थ आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि जीभ उचलली नाही.

तरुण मित्रांनो, मोठ्या समाजांचे अनुकरण आपल्याला परवडणारे नाही, याचे कारण हे आहे. ज्यांची गावात दोनशे घरे आहेत त्यांनी उघड बाजू घेतली तरी त्यांचे काही बिघडत नाही. ज्यांची दोन घरे आहेत त्यांना गुप्त मतदान हेच चिलखत. कायद्याचे कलम ९४ सांगते की, कोणी कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती साक्षीदारावरही करता येत नाही. जे न्यायालय विचारू शकत नाही ते मंडळाने पत्रक काढून जाहीर करावे काय? शिवाय हिशेबही पहा. कोणत्याही एका मतदारसंघात आपला गठ्ठा निर्णायक ठरेल एवढी आपली संख्या नाही. गठ्ठ्यांच्या बाजारात लहान गठ्ठा स्वस्तात जातो.

तरी तुमच्या तक्रारीत सत्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. आपल्याला कोणी विचारीत नाही हे खरे. त्यावर आमच्या सूचना अशा. मंडळाने निवडणुकीपूर्वी सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलवावे आणि सर्वांना तेच प्रश्न विचारावेत : कारागिरांच्या कर्जाचे काय, मुलींच्या वसतिगृहाचे काय, जातीच्या दाखल्यांच्या दिरंगाईचे काय. उत्तरे लिहून घेऊन पुढील स्मरणिकेत छापावीत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव यादीत आहे की नाही हे पेठवार पहावे. राखीव जागेवर उभे राहण्यास आपल्या भगिनींना धीर आणि शिक्षण द्यावे. आणि आणखी एक गोष्ट, जी ऐकायला कदाचित आवडणार नाही. आपल्या वॉर्डात अनुसूचित जातीची राखीव जागा येते तेव्हा आपणही 'इतर' असतो. त्या वेळी आपल्याला सोयीचा, मान खाली घालणारा उमेदवार न पाहता, ज्याच्यावर त्या समाजाचा विश्वास आहे तो कोण, हे पाहून मत द्यावे. १९३२ पासूनच्या त्या तक्रारीला आपल्या हातून देता येईल असे उत्तर तेवढेच आहे.

हा ठराव पुन्हा सभेपुढे येईल तेव्हा आमचा हात विरोधात वर होईल, आणि तो सर्वांना दिसावा अशी आमची इच्छा आहे. मात्र निवडणुकीत आम्ही मत कोणाला देतो, ते कृपा करून कोणी विचारू नये. घरीही ते आम्ही सांगत नाही, आणि घरची मंडळीही त्यांचे आम्हांस सांगत नाहीत.